सिराक्यूजला जाणाऱ्या प्रियसचे टायर: एक प्रकरण

गाडी २०१७ ची टोयोटा प्रियस, चौथ्या पिढीतली. मालक मध्य न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहणारं एक मराठी कुटुंब. ओडोमीटरवर ७४ हजार मैल. टायरचं माप १९५/६५ आर १५ (रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच), भार निर्देशांक ९१, वेगाचं अक्षर एस. २०२३ च्या ऑगस्टमध्ये या गाडीला चार नवे टायर घालायचे होते आणि घरातल्या तिघांची तीन मतं होती.

गाडी तोवर वडिलांकडे होती. रूट १ वरून ऑफिस, शनिवारी भाजी, रविवारी कुणाकडे तरी जेवण. आता ती मुलीकडे जाणार होती. मुलगी सिराक्यूजला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात, कॅम्पसच्या बाहेर खोली घेऊन राहणार, आणि इंटर्नशिपसाठी तिला रोज गाडी लागणार. मध्य न्यू जर्सीत वर्षाला पंचवीस-तीस इंच बर्फ पडतो. सिराक्यूजची सरासरी १२० इंचांच्या वर आहे, कारण ऑन्टॅरिओ सरोवरावरून येणारा वारा वाफ घेऊन येतो आणि शहरावर ओततो. गाडी तीच, माप तेच, पण रस्ता पार बदलला होता. घरातली चर्चा मात्र जुन्याच प्रश्नावर अडली होती: अ‍ॅव्हरेज किती पडेल?

मुलीच्या वडिलांना मी दादा म्हणतो. त्यांच्या लॅपटॉपवर एक एक्सेल आहे. गाडी घेतल्यापासूनच्या प्रत्येक टाकीची तारीख, मैल, गॅलन आणि दर त्यात लिहिलेला. वर्षाचा आकडा होता गॅलनला ५१ मैल, म्हणजे लिटरला जवळपास २१.७ किलोमीटर. या मॉडेलचा सरकारी एकत्रित आकडा ५२ आहे, तेव्हा दादांचा अभिमान अगदीच अनाठायी नव्हता.

"अरे, नवे टायर घातले की अ‍ॅव्हरेज ४५ वर येतं म्हणतात. मग हायब्रिड घेतली कशाला?" हे दादांचं.

"भाऊजी, ते अ‍ॅव्हरेजचं राहू द्या. पोरगी बर्फात एकटी गाडी चालवणार आहे, तेवढं बघा." हे वहिनींचं.

मुलीचा मुद्दा सर्वांत व्यावहारिक होता. "काका, वर्षातून दोनदा टायर बदलायला मी कुठं जाणार? आणि काढलेले चार टायर ठेवू कुठं, पलंगाखाली?"

जुने टायर काय सांगत होते

नवीन काय घ्यायचं हे ठरवण्याआधी जुन्यांकडे नीट बघावं. तिथं बरीच उत्तरं असतात, आणि दुकानदार ती सांगत नाही.

बाजूच्या भिंतीवर डॉटच्या (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) शिक्क्यातले शेवटचे चार आकडे होते २२२०, म्हणजे २०२० सालचा बाविसावा आठवडा. हा गाडीचा दुसरा संच. कारखान्यातून आलेले टायर छत्तीस हजार मैलांतच संपले होते. त्यात नवल नाही. गाडी बनवणारी कंपनी टायरवाल्याकडून जो टायर करून घेते, त्यात इंधनाचा आकडा चांगला यावा याला मोठं वजन असतं. असा टायर हलका असतो आणि त्याच्या खाचा अनेकदा जरा उथळ असतात. तो किती वर्षं टिकेल हा विचार मागे पडतो.

खाचांची खोली इथं इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. नवा टायर साधारण १० चा. या गाडीच्या पुढच्या चाकांवर ४ उरले होते, मागच्यांवर ५. कायद्याची किमान मर्यादा २ आहे, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. एक सेंटचं नाणं उलटं धरून खाचेत घालायचं. लिंकनचं पूर्ण डोकं दिसलं तर टायर गेला. इथं डोकं बुडत होतं. कायद्यानं टायर चालू होते.

कायदा आणि ओला रस्ता यांचं मात्र एकमत नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१८ मध्ये ४ पर्यंत झिजलेल्या टायरांची चाचणी घेतली होती. ताशी ६० मैलांवरून ओल्या रस्त्यावर थांबायला साध्या कारला नव्या टायरांपेक्षा सरासरी ८७ फूट जास्त लागले. ८७ फूट म्हणजे पाच-सहा गाड्यांची रांग. बर्फात तर ५ किंवा ६ च्या खाली गेलेल्या साध्या ऑल-सीझन टायरवर विसंबूच नये, कारण तिथं खाचेत बर्फ दाबून धरायला जागा लागते.

पुढच्या दोन्ही टायरांची झीज दोन्ही कडांना जास्त होती, मधे कमी. हवा कायम कमी असल्याची ही खूण. गेज लावलं तर पुढं ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), मागं २९. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर सांगत होता पुढं ३६, मागं ३५. ज्या माणसानं सहा वर्षं टाकीच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवला, त्याच्या एक्सेलमध्ये हवेचा रकानाच नव्हता! डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा का लागला नाही, असं दादांनी विचारलं. तो दिवा नेमलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागावा, असा नियम आहे. ३६ चे २७ झाले की मग. ३० वर तो शांतच बसणार.

यात न्यू जर्सीचाही थोडा हात आहे. या राज्यात स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून मनाई आहे. पंपावरचा माणूस भरतो, आपण काच खाली करून कार्ड देतो, गाडीतून उतरायचं कारणच पडत नाही. त्यात २०१० पासून खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी राज्यानं बंद केली. आता तपासतात तो फक्त धूर. त्यामुळे टायर गुळगुळीत झाला तरी सांगणारं कुणी उरलेलं नाही. न्यूयॉर्क राज्यात दरवर्षी तपासणी होते, पण ती तिथं नोंदलेल्या गाड्यांची. या गाडीची पाटी न्यू जर्सीचीच राहणार होती.

दुकानातली पहिली फेरी

दादा आधीच एका दुकानात जाऊन आले होते. तिथल्या विक्रेत्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, हायब्रिडला "इव्ही टायर" लागतात. दोन, १९५/६५ शिल्लक नाही, पण २०५/६५ आर १५ बसेल, "काही फरक पडत नाही".

पहिलं खरं नाही. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळे टायर निघाले याचं मुख्य कारण त्यांचं वजन आणि जागेवरून निघतानाची ताकद. प्रियस जेमतेम चौदाशे किलोची, साध्या सेडानएवढी. भार निर्देशांक ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, चार मिळून २,४६० किलो. या गाडीला तो पुरून उरतो. ९१ च्या खाली जायचं नाही, आणि वर जायची गरज नाही. वेगाचं अक्षर एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. आज या मापात बरेचसे टायर टी किंवा एच असतात, तेही चालतात.

दुसऱ्या गोष्टीत गणित आहे. १९५/६५ आर १५ चा व्यास साधारण ६३४ मिलिमीटर येतो, २०५/६५ चा ६४७. दोन टक्के मोठा. चाक मोठं झालं की तेवढंच अंतर कापायला फेरे कमी होतात, आणि ओडोमीटर फेरेच मोजतो. म्हणजे दादांच्या एक्सेलमध्ये पहिल्याच दिवशी एक मैल गळाला असता आणि त्याचं खापर टायरच्या रबरावर फुटलं असतं. १९५/६५ आर १५ हे जगातल्या सर्वांत सामान्य मापांपैकी एक आहे. कोरोलापासून सिव्हिकपर्यंत कितीतरी गाड्यांना वर्षानुवर्षं तेच आलं. ते शिल्लक नसेल तर दुकान बदलावं. २०२३ पासूनच्या नव्या प्रियसच्या वरच्या मॉडेलना १९५/५० आर १९ हे चमत्कारिक माप आहे; त्या लोकांनी तक्रार केली तर समजू शकतो.

एका नावाखाली दोन जाती

पुण्यातल्या माणसाला ऑल-सीझन म्हणजे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं वाटेल. उत्तर अमेरिकेत त्याचा अर्थ एवढाच, की हा टायर वर्षभर गाडीवर राहिला तरी चालेल. बर्फात तो किती चालेल, हे नावावरून कळत नाही. त्यासाठी भिंतीवरची खूण बघावी लागते.

एम आणि एस ही अक्षरं, म्हणजे चिखल आणि बर्फ, जवळजवळ प्रत्येक ऑल-सीझन टायरवर असतात. ती खाचांच्या रचनेवरून मिळतात. खाचा कडेपर्यंत खुल्या आहेत का, रिकामी जागा पुरेशी आहे का, एवढंच बघितलं जातं. बर्फावर चालवून बघायची अट नाही. दुसरी खूण आहे तीन शिखरांच्या डोंगरात हिमाचा कण. ही १९९९ मध्ये आली. तिच्यासाठी टायर दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चालवतात आणि ठरलेल्या संदर्भ-टायरपेक्षा पकड किमान १० टक्के जास्त असावी लागते. तिलाही मर्यादा आहे. चाचणी बर्फावर पुढं खेचण्याच्या ताकदीची आहे. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक किती लागतो, वळणावर गाडी धरते का, हे ती सांगत नाही.

ही दुसरी खूण असलेल्या आणि तरीही उन्हाळ्यात चालणाऱ्या टायरांना दुकानात ऑल-वेदर म्हणतात. यादीत मात्र दोन्ही जाती शेजारी शेजारी, ऑल-सीझन याच मथळ्याखाली असतात, आणि गिऱ्हाईक किंमत आणि वॉरंटीचे मैल बघून निवडतं. इथंच बहुतेकांची फसगत होते.

टायरवर आणखी एक सरकारी दर्जा छापलेला असतो: झिजेचा आकडा, पकडीचं अक्षर, उष्णतेचं अक्षर. दादा ८२० आकड्यावर भाळले होते. हा आकडा एका प्रमाण-टायरला १०० धरून काढतात, आणि काढते ती कंपनी स्वतः. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फार ताणू नये. पकडीचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारण्याचं आहे. बर्फाचा तिथं संबंध नाही.

सर्वांत उपयोगी आकडा, रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना किती ऊर्जा गमावतो, अमेरिकेत टायरवर कुठंच नसतो. युरोपात २०१२ पासून प्रत्येक टायरला लेबल आहे. भारतातही केंद्र सरकारनं २०२२ मध्ये रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा अधिसूचित केल्या. अमेरिकेत २००७ च्या ऊर्जा कायद्यानं अशी माहिती गिऱ्हाइकाला द्यायला सांगितली होती, पण लेबल काही दुकानापर्यंत पोचलं नाही. म्हणून इथला प्रियसवाला शेवटी दुसऱ्या प्रियसवाल्याच्या सांगण्यावर चालतो.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब

दादांना शब्दांनी पटणार नव्हतं. एक्सेल उघडूनच बोलावं लागलं.

आधी शास्त्र. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, काही उष्णतेत जाते. यातला मोठा वाटा वरच्या जाड खाचांच्या थराचा. रबरात काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका घातली की ऊर्जेची ही गळती कमी होते आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकते. मिशेलिननं १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला. तरी गळती, पकड आणि आयुष्य या तिघांची ओढाताण संपलेली नाही. एकाला फार दिलं की उरलेल्या दोघांपैकी कुणीतरी रुसतं.

आता आकडे. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के बदलला तर इंधनात १ ते २ टक्के फरक पडतो. मी वाईट बाजू धरली. समजा बर्फाला चालणारा टायर ३० टक्के जास्त गळती करतो, तर अ‍ॅव्हरेज ३ ते ६ टक्के पडेल. ५१ चे ४८.

वर्षाला १२ हजार मैल. ५१ नं २३५ गॅलन, ४८ नं २५०. फरक १५ गॅलनचा. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर वर्षाला पन्नास-बावन्न डॉलर.

दादा गप्प झाले. मग म्हणाले, "एवढेच?"

एवढेच, आणि ते हायब्रिड असल्यामुळेच. ही गाडी मुळात इतकं कमी पेट्रोल पिते की त्यातले सहा टक्के म्हणजे फारसं काही नाही. गॅलनला २२ मैल देणाऱ्या मोठ्या एसयूव्हीला तेच सहा टक्के वर्षाला एकशेवीस डॉलरला पडतात. म्हणजे टायरच्या अ‍ॅव्हरेजची काळजी खरं तर एसयूव्हीवाल्यानं करायला हवी, आणि ती करतात प्रियसवाले. आकडा डोळ्यांसमोर पडद्यावर सतत दिसत राहतो, त्याचा हा परिणाम असावा.

एक्सेलमध्ये आणखी एक लबाडी दडलेली होती. १० वरून ४ पर्यंत झिजलेला टायर व्यासानं नऊ-साडेनऊ मिलिमीटर लहान होतो. लहान चाक जास्त फेरे घेतं, ओडोमीटर एक-दीड टक्का जास्त मैल दाखवतो. शिवाय झिजलेल्या टायरला दबायला रबरच कमी उरल्यामुळे त्याची गळतीही कमी असते. म्हणजे दादांचे ५१ हे टायरच्या म्हातारपणाचे आकडे होते. अगदी तोच टायर, तीच कंपनी, नवा घातला असता तरी आकडा पडला असता. नवे टायर घातले की अ‍ॅव्हरेज जातं, ही जी हाकाटी सगळीकडे ऐकू येते तिच्यातला एक भाग एवढ्यानंच सुटतो.

उलट बाजूला हवा होती. अमेरिकी ऊर्जा खात्याचा अंदाज असा की चारही टायरांत सरासरी एक पीएसआय हवा कमी असली की अ‍ॅव्हरेज ०.२ टक्क्यानं उतरतं. सहा पीएसआयचे सव्वा टक्का. दादांनी ते इतकी वर्षं फुकट घालवले होते.

पर्याय

समोर चार वाटा होत्या. पहिली, गाडीला मुळात होता तसा कमी गळतीचा टायर. ब्रिजस्टोन इकोपिया ईपी४२२ प्लस या घराण्यातला. सर्वांत स्वस्त, चारचा संच बसवून साडेपाचशे-सहाशे डॉलरच्या घरात. दुसरी, दीर्घायुषी टूरिंग टायर. मिशेलिन डिफेंडर २ ला ८० हजार मैलांची वॉरंटी आहे, कॉन्टिनेन्टलच्या ट्रूकॉन्टॅक्ट टूरलाही तेवढीच. दादांचं मन इथं होतं. गाडी एडिसनलाच राहणार असती तर मीही दुसरीच वाट सांगितली असती आणि हे प्रकरण दहा मिनिटांत संपलं असतं. पण या दोन्ही गटांतल्या टायरांवर तीन शिखरांची खूण नाही.

तिसरी वाट ऑल-वेदर: मिशेलिन क्रॉसक्लायमेट २, गुडइयर अ‍ॅश्युरन्स वेदररेडी, नोकियन डब्ल्यूआर जी४. वॉरंटी साठ हजार मैलांच्या आसपास, संच सातशेच्या पुढं. चौथी वाट म्हणजे कमी गळतीचे टायर उन्हाळ्याला आणि खरे हिवाळी टायर, ब्लिझॅक किंवा एक्स-आइससारखे, वेगळ्या लोखंडी रिमवर. हिवाळी टायरचं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली मऊ राहतं, साधं रबर तिथं ताठरायला लागतं. गोठलेल्या रस्त्यावर या टायरांना तोड नाही.

माझी शिफारस चौथीची होती. सिराक्यूजसाठी ती आजही बदललेली नाही. पण ती मुलीला सांगून बघितली तेव्हा अडचणी एकेक करून पुढं आल्या. टायर ठेवायला जागा नाही. टायरची दुकानं पैसे घेऊन ठेवतात, पण तो दरवर्षीचा खर्च. रिम, टायर आणि हवेचे सेन्सर मिळून आणखी हजारेक डॉलर. सेन्सर न घातले तर सगळा हिवाळा पिवळा दिवा जळत राहणार, आणि सतत जळणारा दिवा माणूस बघेनासा होतो. शिवाय तिथं पहिला बर्फ नोव्हेंबरातच येतो. तेव्हा दुकानात रांगा आणि तिची परीक्षा तोंडावर. "काका, खरं सांगू? मी डिसेंबरपर्यंत पुढं ढकलणार," ती म्हणाली. इतकं प्रामाणिक उत्तर मिळाल्यावर चौथी वाट कागदावरच चांगली उरली. हिवाळी टायर एडिसनच्या गराजमध्ये आणि गाडी सिराक्यूजच्या चढावर, हा सर्वांत वाईट शेवट झाला असता.

प्रियसबद्दलही एक गोष्ट तिसऱ्या वाटेच्या बाजूची होती. चाक घसरलं की या गाडीचा ट्रॅक्शन कंट्रोल मोटरची ताकद झटकन काढून घेतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियस यासाठी बदनाम होत्या, बर्फाळ चढावर जागच्या जागी रुसून बसायच्या. पुढं ते सुधारलं, स्वभाव थोडा तसाच राहिला. अशा गाडीत चढावर पोचायचं तर चाक मुळात घसरताच कामा नये, आणि ते काम टायरचं.

दादांनी शेवटचा हिशेब स्वतः केला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत संचामागे शंभरेक डॉलरचा फरक, वर्षाला पन्नास डॉलरचं जास्त पेट्रोल, आयुष्य वीसेक हजार मैलांनी कमी. तीन वर्षांचे फार तर तीनशे डॉलर. "एका बंपरचे यापेक्षा जास्त होतात," म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला.

बसवताना

तिसऱ्या गटातला, व्हीच्या आकाराच्या खाचांचा, ९१ एच दर्जाचा संच घेतला. टायर कोणता घेतला यापेक्षा पुढच्या काही गोष्टी जास्त सांगण्यासारख्या आहेत.

गाडी उचलण्याआधी नव्या टायरांवरचे डॉटचे आकडे बघितले. चारही त्याच वर्षातले निघाले. कडांची झीज हवेमुळे होती, तरी अलाइनमेंट तपासून घेतलं, कारण नव्या संचाखाली जुना दोष ठेवण्यात अर्थ नसतो. चाकातल्या सेन्सरची बॅटरी सीलबंद असते आणि सात ते दहा वर्षांत संपते. गाडी सहा वर्षांची. टायर उतरलेलेच असताना सेन्सर बदलले तर मजुरी वाचते. दादांनी नको म्हटलं. ते त्यांचं मत, माझं वेगळं होतं.

बिलात न्यू जर्सीची टायरमागे दीड डॉलर फी आणि ६.६२५ टक्के विक्रीकर लागला. गाडी बाहेर आली आणि गेज लावलं तर चारही चाकांत ३२. मेकॅनिक सवयीनं ३२ भरतात, गाडी कोणतीही असो. वावा या कंपनीच्या पंपांवर हवा फुकट मिळते, तिथं जाऊन ३६ आणि ३५ केली. हे एडिसनला ऑगस्टच्या उकाड्यात. सिराक्यूजला जानेवारीच्या पहाटे उणे सात अंश असेल. तापमान दर १० अंश फॅरनहाइटनं उतरलं की साधारण एक पीएसआय जातो. उकाड्यातल्या ३६ चे तिथं २९-३० होणार आणि ३२ चे २५-२६, म्हणजे सेमिस्टर सुरू होतानाच पिवळा दिवा. मुलीला एक साधं गेज दिलं आणि दर महिन्याला, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजायला सांगितलं.

व्हीच्या खाचांचा टायर एकाच दिशेनं फिरायचा असतो. त्यामुळे दर पाच हजार मैलांच्या रोटेशनला पुढचा मागं, त्याच बाजूला. डावा-उजवा बदल नाही. हे तिच्या ग्लव्ह बॉक्समध्ये कागदावर लिहून ठेवलं, कारण वॉरंटी मागायची वेळ आली तर कंपनी रोटेशनच्या पावत्या मागते.

पहिला हिवाळा

सप्टेंबरात मुलीनं पाठवलेला आकडा होता ४८. दादांचा हिशेब बरोबर आला, त्यामुळे ते खूश. जानेवारीत तो ४० वर गेला आणि फोन आला. "बघ, मी म्हणत होतो!"

ऊर्जा खात्याची माहिती अशी की कडाक्याच्या थंडीत, छोट्या फेऱ्यांत, साध्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज २४ टक्क्यांपर्यंत पडू शकतं आणि हायब्रिडचं ३० ते ३४ टक्के. आतला हीटर चालवायचा तर इंजिन गरम लागतं, मग जिथं एरवी गाडी मोटरवर गेली असती तिथंही इंजिन चालू राहतं. बॅटरीही थंडीत आखडते. टायर नोव्हेंबरात बदलणारे लोक या सगळ्याचा दोष टायरला देतात. सुदैवानं तुलनेला दुसरी गाडी घरात होती. दादांनी स्वतःसाठी वापरलेली कॅमरी हायब्रिड घेतली होती. तिचे टायर बदललेले नव्हते, ती एडिसनच्या त्यामानानं सौम्य थंडीत चालत होती, तरी ४६ वरून ४० वर आली होती. दादांनी एक्सेलमध्ये तापमानाचा रकाना वाढवला. हवेचाही.

मुलीचा स्वतःचा अहवाल मिश्र होता. विद्यापीठाजवळचा चढ ताज्या बर्फात गाडी न रुसता चढते. ब्लॅक आइसवर, म्हणजे रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर, मात्र एकदा स्टॉपच्या पाटीपुढं हातभर घसरली. ते अपेक्षितच होतं. तीन शिखरांची खूण त्याचं आश्वासन देत नाही. उतारावर गिअर बीवर (इंजिनाच्या रोधानं वेग आवरायचा गिअर) टाकायची तिला सवय लागली होती, ती निसरड्या रस्त्यावर सोडायला सांगितली. त्यात इंजिनाचा सगळा रोध पुढच्या दोन चाकांवर येतो आणि तीच चाकं सुटू शकतात. हायवेवर टायरचा बारीक घरघराट येतो म्हणाली. खोल, आडव्या खाचांचा टायर थोडा बोलतोच.

या संचाचं बर्फातलं बळ खाचांबरोबर उतरत जाणार. ६ च्या आसपास आले की पुढच्या हिवाळ्याच्या आधी पुन्हा विचार करायचा, मग वॉरंटीत कितीही मैल शिल्लक असोत.

आता कॅमरीची पाळी आहे. माप २३५/४५ आर १८, भिंत बुटकी, किंमत जास्त. दादा बर्फाच्या दिवशी घरूनच काम करतात, म्हणून मी कमी गळतीचा, लांब आयुष्याचा साधा ऑल-सीझन सुचवला. वहिनींनी तिथंच अडवलं. "थँक्सगिव्हिंगला पोरीकडं कोणत्या गाडीनं जायचं मग? एटी-वनवर हीच असणार ना, भाऊजी?" एटी-वन म्हणजे सिराक्यूजला जाणारा हायवे; बिंगहॅम्टनच्या पुढचा तो रस्ता नोव्हेंबरअखेर कसा असतो हे मला माहीत आहे. दुकानात दोन्ही गटांचे भाव मागवले आहेत.